सव्वादोन क्विंटल गहू, चौथा मजला : वर्षाच्या साठवणीसाठी भांडी निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब नाशिकचं. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, पण ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. बचत गटांमध्ये धान्य साठवणीबद्दल मी बोलते, त्या ओळखीतून सूनबाईंनी मला घरी बोलावलं होतं.

पूर्वी ते सराफ बाजाराजवळच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहायचे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी माजघरापर्यंत आलं आणि एका कोठीतला गहू खालून भिजला. पुराच्या पाण्यात सगळी घाण मिसळलेली असते, त्यामुळे तो गहू वाळवून वापरायचा प्रश्नच नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, त्या वेळी कोठ्या आधीच माळ्यावर चढवल्या होत्या. पुढे वाडा सुटला आणि कुटुंब पाथर्डी फाट्याकडे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं.

कोठ्याही सोबत आल्या. जस्ती पत्र्याच्या, कमरेएवढ्या उंच, वर झाकण आणि खाली धान्य काढायला सरकतं तोंड असलेल्या दोन कोठ्या. आजींच्या लग्नानंतर लगेचच घेतलेल्या. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आसपास निफाडकडच्या नात्यातल्या शेतातून गहू यायचा, तो वाळवून, चाळून, कडुनिंबाचा पाला घालून भरला जायचा. वाड्यात हे सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

अडचण

फ्लॅटमध्ये कोठ्यांना जागा एकच होती, ड्राय बाल्कनी. पश्चिमेची, वॉशिंग मशीनशेजारची. पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, चपात्यांना कुबट वास येऊ लागला. सूनबाईंनी झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला तर गहू गरम लागला. हात बाहेर काढला तेव्हा त्याला पांढरट पीठ चिकटलेलं, आणि मनगटावर सोंडकिडे.

हा गरमपणा फार महत्त्वाची खूण आहे. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल दोन्ही तयार होतात. ती ओल वरच्या थंड थरात जाऊन बसते, तिथे बुरशी धरते, दाण्यांच्या ढेपा होतात. म्हणजे गहू गरम लागला तोवर प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. या कोठीत खालच्या तोंडाजवळही ढेप होती, कारण मशीनचं पाणी सांडून पत्र्याचा तळ गंजला होता.

साधारण चाळीस किलो गहू टाकून द्यावा लागला. "गाईला घालू या," असं आजी म्हणत होत्या. बुरशी लागलेलं धान्य जनावरांनाही घालू नये, हे त्यांना पटवायला वेळ लागला. बुरशीचं विष दूध देणाऱ्या जनावराच्या पोटात गेलं तर दुधात उतरू शकतं, हे ऐकल्यावर मात्र त्या लगेच थांबल्या.

पुढच्या फेब्रुवारीत घरात वाद सुरू होता. "अहो आई, महिन्याचा गहू महिन्याला आणू. कशाला एवढा खटाटोप?" असं सूनबाईंचं म्हणणं. "घरच्या शेतातला गहू सोडून दुकानातला आणायचा? अगं, वाड्यात कधी लागली होती कीड?" असं आजींचं. दादांनी, म्हणजे आजींच्या मुलाने, तोडगा म्हणून अंबडमधल्या भंगारवाल्याकडून निळे ड्रम आणायचं ठरवलं होतं. मला बोलावलं ते या टप्प्यावर.

पहिला निर्णय : साठवायचं की नाही

मी सूनबाईंच्या बाजूने सुरुवात केली. महिन्याला लागेल तेवढं आणणं हा कमीपणाचा पर्याय नाही. ज्यांच्याकडे जागा नाही, ज्यांना उन्हात वाळवण करणं जमत नाही, त्यांच्यासाठी तोच शहाणपणाचा. कडधान्यं आणि डाळी या घराने आता तशाच घ्याव्यात, असं मी सुचवलं आणि आजींनी तूरडाळ सोडून बाकी मान्य केलं.

गव्हाचं वेगळं होतं. तो एकरकमी, एकाच वेळी, ओळखीच्या शेतातून मिळत होता. खाणारी माणसं पाच, महिन्याला वीस किलोच्या आसपास खप. तांदळाचंही तसंच, इगतपुरीकडचा इंद्रायणी एक क्विंटल यायचा. म्हणून साठवायचं ठरलं ते गहू, तांदूळ आणि थोडी तूरडाळ एवढंच. बाजरी थंडीपुरती आणायची. तिच्यात तेलाचा अंश जास्त, पीठ तर काही दिवसांतच कडवट होतं.

दुसरा निर्णय : भांडं कशासाठी हवं आहे

वाड्यात कीड का लागली नाही, हा आजींचा प्रश्न रास्त होता आणि भांड्याची निवड त्याच्या उत्तरावरच अवलंबून होती. वाड्याचं माजघर जाड भिंतींचं, अंधारं, दिवस-रात्र साधारण एकाच तापमानाचं. ड्राय बाल्कनीत दुपारचं ऊन थेट पत्र्यावर, रात्री गारवा, पावसाळ्यात झड. पत्रा तापतो आणि निवतो तशी आतली ओल एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. भांडं तेच, जागा बदलली, निकाल बदलला.

दुसरी गोष्ट किड्यांची. बहुतेकांना वाटतं की किडे फटीतून आत शिरतात. काही शिरतातही. पण सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, त्यामुळे वरून चांगला दिसणारा दाणा आतून लागलेला असू शकतो. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हवेत अंड्यापासून किडा व्हायला महिनाभर पुरतो. म्हणजे पोत्याबरोबर घरी आलेली थोडीशी अंडी चार-पाच महिन्यांत कोठी भरून टाकतात. झाकण कितीही घट्ट लावलं तरी जे आधीच आत आहे ते आतच राहतं.

म्हणून मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला : हे भांडं किती वेळा उघडणार? मोठी कोठी आठवड्याला उघडते, दर वेळी ताजी, दमट हवा आत जाते, आणि एका कोपऱ्यात लागलेली कीड दीड क्विंटलला पोचते. महिन्याभराचा गहू मावेल असं भांडं एकदाच उघडलं जातं. एखादं बिघडलं तर नुकसान वीस-बावीस किलोंवर थांबतं. धातू की प्लास्टिक, हा प्रश्न माझ्या मते यानंतरचा आहे. घरोघरी चर्चा मात्र तिथूनच सुरू होते.

समोर असलेले पर्याय

जुन्या कोठ्या. जस्ती पत्रा कोरड्या धान्याला चालतो. मीठ, चिंच, कोकम असं आंबट-खारट मात्र त्यात ठेवू नये, जस्त सुटतं. या कोठ्यांची अडचण खालच्या सरकत्या तोंडाची होती. ते हवाबंद करणं जवळजवळ अशक्य. तळही गंजलेला.

नवी स्टीलची कोठी. भांडी बाजारात जाऊन आम्ही पाहिली. दिसायला देखणी, उंदराला दाद न देणारी, दोन पिढ्या टिकणारी. पण झाकण नुसतं बसतं, रबरी रिंग नाही, आणि आकार पुन्हा मोठाच. किंमत प्लास्टिकच्या ड्रमांच्या एकूण खर्चाच्या जवळपास दुप्पट. आजींचा जीव हिच्यावर होता.

भंगारातले निळे ड्रम. दादांनी एक नमुना आणूनही ठेवला होता, साबणाने धुतलेला. मी झाकण लावून तो तासभर उन्हात ठेवायला सांगितला आणि मग उघडून वास घेतला. गोडसर, औषधी वास आला. प्लास्टिक आतला पदार्थ थोडाथोडा शोषून घेतं, वरून धुतल्याने तो जात नाही. "साबणाचंच केमिकल होतं," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शंभर प्रकारचं रसायन येतं, आणि ड्रमवरचं लेबल फाडलेलं होतं. नाशिकमध्ये फळांचा गर, द्राक्षरस यांचेही ड्रम मिळतात. ते तुलनेने बरे, पण खात्री कागदावर हवी, तोंडी नको. हा पर्याय मी स्पष्ट शब्दांत नाकारला. स्वस्त मिळतात म्हणून मुलांच्या पोटात काय जाईल याचा जुगार खेळू नये.

नवे फूडग्रेड ड्रम. एचडीपीई या जाड, टणक प्लास्टिकचे, ३० लिटरचे, रबरी रिंग आणि लोखंडी क्लॅम्पचे. तळाशी त्रिकोणात २ आकडा, पेला-काट्याची खूण, आणि दुकानदाराकडून आयएस १०१४६ या मानकाची खात्री. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ते अन्नासाठी बनवलंय की नाही हे त्यावरून कळत नाही, म्हणून बाकीच्या दोन गोष्टी बघायच्याच.

काचेच्या बरण्या. हवा आणि वास अडवण्यात काचेच्या तोडीचं काही नाही, पण दोन क्विंटलसाठी विचार करायची गोष्ट नव्हे. तूरडाळीला दोन मोठ्या बरण्या ठेवायच्या ठरल्या.

औषधांचाही विषय निघाला. शेजाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवल्या होत्या. याबद्दल मला आवाज चढवून बोलावंसं वाटतं. या गोळीतून फॉस्फीन वायू निघतो, तो माणसाला मारतो, त्यावर उतारा नाही. ती वापरायची परवानगी सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांनाच आहे. बंद फ्लॅटमध्ये ती आणायचीच नाही. पाऱ्याच्या गोळ्या आणि तांदळाला चोळायची बोरिक पावडरही मी नको म्हटलं. दोन्ही वर्षानुवर्षं वापरली जातात, तरी लहान मुलांच्या घरात मला ती जोखीम घ्यावीशी वाटत नाही. आजींचा तूरडाळीला एरंडेल चोळायचा रिवाज मात्र पूर्णपणे बरोबर. तेलाच्या पातळ थराने भुंगेऱ्याची अंडी नीट चिकटत नाहीत आणि जगत नाहीत.

ठरलं ते असं : गव्हाला ३० लिटरचे दहा ड्रम, तांदळाला चार. एक लिटरला गहू पाऊण किलोच्या किंचित वर मावतो, म्हणजे ३० लिटरमध्ये साधारण साडेबावीस किलो. सव्वादोन क्विंटल बरोबर बसला. वजनही असं की दादा एकटे उचलतील.

आजींना हे प्लास्टिक मनापासून पटलेलं नव्हतं. रोजच्या वापराचा, स्वयंपाकघरातला डबा स्टीलचा घ्यायचा आणि तो त्यांनी स्वतः निवडायचा, यावर त्या तयार झाल्या.

काय केलं

त्या वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता. चावून पाहिलं तर दाणा कट्कन तुटत नव्हता. मिठाची जुनी चाचणीही केली : कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि कोरडं मीठ घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. चिकटलं नाही. पण ही चाचणी फक्त फार ओला गहू पकडते, आणि हवाबंद भांड्याला १२ टक्के किंवा त्याखाली हवं. पंचवटीतल्या मार्केट यार्डात ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ओलमापक होतं. आकडा आला १३.६.

इथे घाई झाली असती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं. ओला गहू हवाबंद भांड्यात उघड्या कोठीपेक्षा लवकर सडतो, कारण ओल जायला वाटच नसते. गच्चीवर जुन्या धोतरांवर दोन-तीन बोटांचा थर करून तीन दिवस ऊन दिलं. आकडा ११.४ वर आला. मग चाळणी, आणि संध्याकाळ उलटून गहू पूर्ण निवल्यावर भरणं. गरम गहू भरला की रात्री झाकणाला आतून घाम येतो आणि तो परत गव्हावर पडतो.

ड्रम आधी तपासले. प्रत्येकात तांब्याभर पाणी घालून, क्लॅम्प लावून आडवा लोळवला. एकाच्या रिंगेतून पाणी झिरपलं, तो दुकानात बदलून आणला. नंतर सगळे दोन दिवस उघडे वाळवले.

आता आतल्या अंड्यांचं काय करायचं? दादांनी वाचलं होतं की आत मेणबत्ती लावून झाकण बंद करावं, ती ऑक्सिजन संपवते. मेणबत्ती विझते तेव्हा हवेत अजून १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असतो. किडे मरायला तो ३ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. शिवाय प्लास्टिकच्या ड्रममध्ये ज्योत नको.

ऑक्सिजन शोषणाऱ्या, लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या मिळतात. त्या वापरायच्या तर हिशेब करून. गव्हाच्या दाण्यांमधली मोकळी जागा भांड्याच्या ४० टक्के धरा. ३० लिटरमध्ये १२ लिटर हवा, त्यात २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सुमारे २,५०० मिलिलिटर. ड्रायफ्रूटच्या डब्यात टाकतात ती १०० मिलिलिटर ऑक्सिजन शोषणारी एक पुडी इथे टाकून काहीच होणार नाही. पुड्या बऱ्याच लागत होत्या आणि खर्च वाढत होता. म्हणून पहिले तीन ड्रम, जे जुलैपर्यंत उघडणार होते, ते पुड्यांशिवाय ठेवले. बाकी सात ड्रमांत आणि तांदळाच्या चारही ड्रमांत प्रत्येकी २,५०० मिलिलिटरच्या हिशेबाने पुड्या टाकल्या. प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो हे खरं, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो खाली राहिला की आतली अंडी-अळ्या मरतात. पुढे थोडा वाढला तरी चालतो.

या पुड्यांबद्दल दोन सूचना सूनबाईंनी फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवल्या आहेत : साखरेत आणि मिठात टाकायच्या नाहीत, आणि ओलसर पदार्थात तर कधीच नाही, कारण ऑक्सिजन नसलेल्या ओल्या अन्नात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

तूरडाळ पाच-पाच किलोंनी चार दिवस डीप फ्रीजमध्ये ठेवली, तापमान उणे १८. मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दिली, एरंडेल चोळलं आणि बरण्यांत भरली. पिशवी आधीच उघडली असती तर थंड डाळीवर बाहेरचं बाष्प बसलं असतं.

जागेचा निर्णय सगळ्यात अवघड निघाला. शेवटी मुलांच्या खोलीत, आतल्या भिंतीला, लाकडी फळ्यांवर दोन-दोनच्या उतरंडीने ड्रम लागले. भिंतीपासून चार बोटं लांब. प्रत्येकावर क्रमांक आणि भरल्याची तारीख. नातीने त्या कोपऱ्याला पडदा शिवून लावला.

काय झालं

पहिले दोन ड्रम स्वच्छ निघाले. तिसरा, पुड्यांशिवायचा, जुलैच्या मध्यावर उघडला तर वरच्या थरात बरेच जिवंत सोंडकिडे होते. गहू गरम नव्हता, वासही नव्हता. चाळून, दोन उन्हं देऊन तो वापरला गेला. कीड शेतातून किंवा पोत्यातूनच आली होती, याचा हा स्पष्ट पुरावा.

चौथा, पाचवा, सहावा अगदी स्वच्छ. ऑगस्टमध्ये, बरोबर मागच्या वर्षी गहू फेकला त्याच दिवसांत, आजींनी स्वतः चौथा ड्रम उघडला, मूठभर गहू हातावर घेऊन फुंकर मारली, वास घेतला आणि दळायला पाठवला.

सातवा त्यानंतर उघडला. पुड्या होत्या तरी किडे होते. कारण शोधताना रबरी रिंगेखाली गव्हाचा एक दाणा अडकलेला सापडला, दाबून चपटा झालेला. तेवढ्या फटीतून हवा येत राहिली, पुड्यांची ताकद संपली. त्या दिवशी दादांनी उरलेल्या ड्रमांच्या कडा बाहेरून बोट फिरवून तपासल्या, आणि झाकणं मुद्दाम उघडली नाहीत, हे योग्य केलं. आठ ते दहा स्वच्छ निघाले. तांदळाचे चारही चांगले.

तूरडाळीत भुंगेरा लागला नाही. एका बरणीला एरंडेलाचा वास फार राहिला, आमटी करण्याआधी डाळ गरम पाण्याने धुवावी लागते.

वर्षभरात गहू फेकावा लागला नाही. तिसऱ्या आणि सातव्या ड्रममधला चाळून मिळून दोन-अडीच किलो कमी झाला.

पुन्हा करायचं झालं तर

भरताना ड्रमच्या तोंडावर कापड टाकून मगच गहू ओतायचा, आणि क्लॅम्प लावण्याआधी कडा कोरड्या फडक्याने पुसायची. पाण्याने तपासणी आम्ही रिकाम्या ड्रमची केली होती. भरल्यानंतर तपासायचा उपायच ठेवला नव्हता. पुढच्या वेळी झाकणाखाली, गव्हाच्या वर, स्वस्त आर्द्रतामापक ठेवायचं ठरलंय, निदान दोन ड्रमांत.

पहिल्या तीन ड्रमांच्या पुड्या वाचवणं मला अजूनही चूक वाटत नाही, पण तिसरा ड्रम सीमेवर होता. जूनच्या अखेरीनंतर उघडणाऱ्या प्रत्येक ड्रममध्ये पुड्या टाकाव्यात, असं आता मी सांगते. जे घर पुड्यांचा खर्च करू शकत नाही त्यांनी निदान पावसाळ्याआधी मे अखेरीस एकदा सगळा गहू पुन्हा उन्हात घालावा. कष्ट दुप्पट होतात, पण हा उपाय फुकट आहे.

क्लॅम्प गच्च असतात. आजींना ते एकटीने उघडत नाहीत, आणि घरातली सगळ्यात जाणकार व्यक्ती त्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहते, हे मला खटकलं. निवड करताना हा मुद्दा आमच्या यादीत नव्हता, असायला हवा होता. रुंद तोंडाचे, फिरकीच्या झाकणाचे ड्रम मिळतात, त्यांची रिंग तितकी पक्की असेल तर त्यांतले दोन-तीन घेऊन पाहायचे आहेत.

जुन्या कोठ्यांपैकी एकीचा तळ ठीक होता. ती आता मुलांच्या खोलीत नव्या ड्रमांशेजारी आहे, तिच्यात बारदानं, चाळण्या आणि वाळवणाची धोतरं असतात. दुसरी मोडीत दिली. यंदा निफाडहून अडीच क्विंटल गहू सांगितला आहे, त्यासाठी एक ड्रम जादा लागेल. तो आणायला आजी स्वतः जाणार आहेत.